सगळी वळती केली

१

माणूस खोटं बोलतो, आकडा कधीच खोटं बोलत नाही. हे सत्य अंबाजोगाईच्या एका कॉलेजात वाणिज्य विभागाच्या दारावर लाल अक्षरांत रंगवलेलं होतं. फक्त 'आकडा'च्या जागी पेंटरनं 'आखडा' लिहिलं होतं. मराठी शिकवणारी यशोधरा ही चूक दरवर्षी लेखी कळवायची आणि वाणिज्य विभाग दरवर्षी लेखी आभार मानायचा. शिवाय बीड जिल्ह्यात आकडा म्हटलं की लोकांना विजेच्या तारेवर टाकायचा आकडाच आधी आठवतो, आणि तो स्वतः खोटं बोलत नसला तरी मीटरला खरं बोलू देत नाही.

त्या मंगळवारी यशोधरा एसटी गाठायच्या घाईत होती आणि सिरसाळ्यातल्या तिच्या घराच्या दारात सोमेश्वर उभा राहिला. सोमेश्वर म्हणजे तिच्या नवऱ्याचा, बाळूचा, भागीदार. दोघांचं बाजारपेठेत जनावरांच्या औषधांचं दुकान होतं. बाळूला औषधं कळत, सोमेश्वरला मेंढरं कळत आणि हिशेब दोघांनाही कळत नसे, म्हणून भागीदारी इतकी वर्षं टिकली होती. एरवी सोमेश्वर थेट स्वयंपाकघरात येऊन डब्याचं झाकण उघडायचा. आज त्यानं चपला बाहेर काढल्या आणि उंबऱ्याच्या अलीकडंच थांबला.

"चहा टाकते, भाऊजी."

"नगं, वहिनी."

सिरसाळ्यात माणूस चहा नको म्हणाला की समजायचं, एक तर कुणी तरी गेलंय, नाही तर काही तरी गेलंय.

बाळू तोंडात ब्रश घेऊन बाहेर आला.

"किल्ली दे," सोमेश्वर म्हणाला.

"कशाची बे?"

"दुकानाची." सोमेश्वर बाळूकडं न बघता यशोधरेकडं बघून बोलत होता. "खात्यातनं बासष्ट हजार चारशे अठरा रुपये गेले, वहिनी. काल संध्याकाळी कंपनीवाल्याचा चेक परत आला, तवा कळलं. बँकेतल्या सायबाला फोन केला, तर म्हनला खात्यात शे-दीडशे हायेत. खातं माज्या नावावर हाय, पर एटीएमचं कार्ड दुकानाच्या गल्ल्यात असतंय. त्याचा नंबर दोगालाच ठाव हाय. म्या काढले न्हाईत."

पुढचं वाक्य त्यानं गाळलं. व्याकरणात याला अध्याहृत म्हणतात, आणि ते नेहमी बोललेल्यापेक्षा जास्त लागतं.

बाळूनं चूळ भरली. खिळ्यावरची किल्ली काढून सोमेश्वरच्या हातावर ठेवली आणि आत गेला. का नाही, कसं नाही, आयला नाही, मायला नाही.

यशोधरेची एसटी गेली. ती दारातच उभी होती. वीस वर्षं परीक्षागृहात पर्यवेक्षण करून तिला एक गोष्ट पक्की कळली होती. कॉपी न केलेलं पोरगं आधी भांडतं. मुकाट्यानं उत्तरपत्रिका देतं ते दुसरं.

२

चौकशीची सुरुवात घरातूनच करावी लागणं ही कोणत्याही तपासकासाठी अडचणीची गोष्ट आहे. संशयिताला तिखट कमी लागतं की जास्त, हे आधीच ठाऊक असतं.

"अहो, भांडलात का नाही?"

"आठ वर्सं ज्याच्यासंगं एका ताटात जेवलो, त्यानं किल्ली मागितली," बाळू म्हणाला. "आता काय पावती मागू?"

उत्तर चांगलं होतं. पण यशोधरेची नजर खिडकीतून अंगणात गेली. अंगणात तिची नवी स्कूटी उभी होती. गेल्याच महिन्यात बाळूनं ती आणली होती, हँडलला झेंडूचा हार घालून. स्टँडपर्यंत तुझे पाय दुखतात म्हणाला. सगळी रोख दिली म्हणाला. तेव्हा तिनं हार बघितला, रोख कुठून आली ते विचारलं नाही. प्रेमात आणि तपासात हाच फरक आहे.

"रोख कुठून आणली होती?"

बाळूनं भाकरीचा तुकडा मोडला, पण खाल्ला नाही.

"यशू, तुला एक गोष्ट सांगितली न्हाई म्या."

यशोधरेनं भाकरीची दुरडी खाली ठेवली. शुक्रवारी आठवडी बाजार होता. गावोगावचे मेंढपाळ दुकानात येणार आणि विचारणार, बाळूशेठ कुठं हाय? त्यावर सोमेश्वर गप्प राहिला तरी उत्तर अख्खा सिरसाळा देणार. एकदा उत्तर दिलं की सिरसाळा ते परत घेत नाही.

"सांगा," ती म्हणाली.

"ती गाडी हप्त्यावर हाय."

"तुम्ही रोख म्हणाला होतात!"

"हप्ते रोख देतो की."

आपला नवरा चोर नसून फक्त खोटारडा आहे हे कळल्यावर एखाद्या बाईला इतका आनंद क्वचितच झाला असेल. तिनं त्याला आणखी एक भाकरी वाढली. मग तिच्या लक्षात आलं की हे तिला पटलं, पण सोमेश्वरला पटवायला हप्त्याची गोष्ट काही उपयोगाची नाही. हप्त्यात अडकलेला माणूस तर जास्तच संशयाचा.

ती स्कूटीवर बसून बँकेत गेली. बँकेच्या काचेवर पाटी होती : 'लिंक नाही.' कधी येईल, असं तिनं विचारलं. आतला माणूस म्हणाला, "ते लिंकलाच ठाव."

३

दुकानाच्या पायरीवर सोमेश्वरचे वडील बसले होते. धुळाजी आबा. उभा जन्म मेंढरांमागं गेलेला, त्यामुळं बसल्या जागीसुद्धा डोळ्यांवर हात धरून लांब बघायची सवय. पायरीवरून लांब म्हणजे समोरची मोबाईलची शॉपी.

"बरं हाय का, आबा?"

"लई बरं हाय, पोरी," आबा खुशीत म्हणाले. "सगळी वळती केली. आता घोर न्हाई."

म्हातारा मेंढरांच्या हिशेबात आनंदी आहे, याचं यशोधरेला बरं वाटलं. आजच्या दिवसात कुणीतरी आनंदी असायला हवंच होतं. ती आत गेली.

आत सोमेश्वर कपाटातल्या बाटल्या उलटसुलट करत होता. समोर एक बाई दोरीला शेळी धरून उभी होती, आणि शेळीच्या चेहऱ्यावर ग्राहकाची नाराजी स्पष्ट दिसत होती.

"भाऊजी, ते पैसे कुठं गेले, एवढंच मला शोधायचंय. बाळूंची बाजू घ्यायला आले नाही."

"इचारा, वहिनी. तुमच्यावर काय राग हाय माजा?"

"खात्यातून दर महिन्याला काय काय जातं?"

सोमेश्वरनं गल्ल्यातून दोन क्रेडिट कार्डं काढली. एक लाल, एक हिरवं. "लालवर दुकानाचा फ्रीज घेतलता, मग माल घेतला. व्याज लई वाढलं. दर म्हैन्याला खात्यातनं आपोआप थोडे कापून जायाचे. कमीत कमी भरावं लागतं तेवढंच. मग दिंद्रुडचा बिभीषण आला. म्हनला, हिरवं कार्ड घ्या. लालचं सगळं देनं हिरवी बँक फेडती, तुमी हळूहळू हिरवीचं फेडा, काही म्हैने व्याज न्हाई. म्हनलं, बरं. ते झालं बी. त्याचा न् चोरीचा काय संबंध?"

"लालचं देणं किती होतं?"

"आसंल साठेक हजार. कागद मोहिनीनं कुटं तरी खोसलेत."

तेवढ्यात जेवणाचा डबा घेऊन मोहिनी आली. सोमेश्वरची बायको. तिनं यशोधरेला पाहिलं आणि डबा जरा जोरातच ठेवला.

"ताई, माज्यावर बी वहीम आसंल तर सरळ बोला. म्या घेतले असते तर घरात वाशिंग मशीन दिसली असती. म्या लपवून ठिवायची बाई न्हाई, दाखवायची हाय."

"तसं नाही गं. लालचं देणं नक्की किती होतं, ते तुला आठवतंय का?"

"न्हाई आठवत. घरात गेलं की नुस्ता वैताग. ह्यांचं दुकान, आन मामंजींचं ते येगळंच. मेंढरं इकून दोन वर्सं झाली, तरी पाठंला उठून काठी घेऊन बाहेर. शेजारची कुत्री वळवीत बसत्यात." तिनं पदरानं तोंड पुसलं. मग आवाज खाली आला. "बाळूभाऊजींनी घेतले न्हाईत, ते मला बी कळतंय. पर मग घेतले कुनी?"

हा प्रश्न तिनं इतक्या साधेपणानं विचारला की यशोधरेनं तिचं नाव संशयितांच्या यादीतून काढून टाकलं. तसं तिनं ते घातलंही नाईलाजानंच होतं. तीनपेक्षा कमी संशयित असले की तपासाला वजन येत नाही.

बाहेर पडताना मागून शेळीवाल्या बाईचा आवाज आला : "आवो, हे जंताचंच हाय का नक्की?"

सोमेश्वरनं बाटली उजेडाकडं धरून बघितली.

४

बिभीषण दिंद्रुडच्या स्टँडसमोर हॉटेलात बसून कार्डं विकायचा. विमा, जमिनीचे प्लॉट आणि क्रेडिट कार्ड अशी तीन खाती त्याच्याकडं होती, आणि तिन्हींबद्दल तो सारख्याच विश्वासानं बोलायचा. गुरुवारी यशोधरेला पाहून त्याला आधी गिऱ्हाईक आल्याचा आनंद झाला. मग तिनं नाव सांगितलं. आनंद ओसरला.

"बाई, आई शप्पथ, माजा काय दोष न्हाई. हिरव्या बँकेनं लालचं देनं टायमावर भरलं. बघा." त्यानं मोबाईल पुढं केला. "बासष्ट हजार चारशे अठरा."

यशोधरेचा कप तोंडाशीच थांबला.

"पुन्हा सांगा."

"बासष्ट हजार चारशे अठरा. लालचं जेवढं बिल, तेवढंच भरतेत."

"भाऊजींच्या खात्यातून गेले तेही तेवढेच. रुपयासुद्धा इकडं तिकडं नाही."

बिभीषण गप्प झाला. मराठवाड्यात एजंट गप्प झाला की शेजारची टेबलं वळून बघतात.

"बिभीषणराव, कोणता चोर गल्ला फोडून बासष्ट हजार चारशे अठराच मोजून घेईल? साठ घेईल, पासष्ट घेईल. हातात येतील तेवढे घेईल."

"म्हंजी मग..." बिभीषणच्या डोक्यात ते उतरलं. "आरं देवा. लाल कार्डवाल्यांनीच कापले! हिरव्या बँकेनं भरलं ते भरलं, आन वरून खात्यातनं बी आपोआप कापून गेले. एकच देनं दोनदा फिटलं."

"म्हणजे चोर सापडला. चोर लाल कार्ड."

"पर न्हाई जमत, बाई," तो डोकं खाजवत म्हणाला. "सोमेश्वरनं कमीत कमी कापा असं ठरवलतं. हजार-पंधराशे गेले असते. समदे कापायला कुनीतरी हो म्हनावं लागतं. बिलाच्या आधी त्यांचा फोन येतो. रेकॉर्डची बाई बोलती. लई गोड बोलती."

"काय बोलते? शब्दाला शब्द सांगा."

बिभीषण ताठ बसला. धंद्यामुळं ते त्याला पाठ होतं, आणि ते म्हणताना त्याची भाषा अचानक धुतलेली झाली : "आपली संपूर्ण देय रक्कम खात्यातून वळती करण्यासाठी एक दाबा. किमान रक्कम वळती करण्यासाठी दोन दाबा."

"आणि फोन कुणाच्या नंबरवर येतो?"

"खात्याला जो नंबर जोडलाय त्याच्यावर. सोमेश्वरनं काय नंबर दिलाय, मला ठाव न्हाई. माज्याकडं त्याचा एकच हाय."

परतीच्या एसटीत यशोधरेला खिडकी मिळाली. सिरसाळ्याच्या अलीकडं गाडी थांबली, कारण रस्ता मेंढरांनी भरला होता. कंडक्टर दारातून ओरडला, "ओ मावशी, आवरा की! गाडी हाय का मेंढवाडा?" मेंढरं हाकणाऱ्या मावशीनं त्याच्याकडं ढुंकूनही पाहिलं नाही. एक मेंढरू कळप सोडून शेजारच्या हरभऱ्यात शिरलं होतं. तिनं जीभ टाळ्याला लावून एक आवाज काढला, दोन पावलं पळाली आणि त्याला परत कळपात आणलं. मागून तिच्या म्हाताऱ्यानं हाक दिली, "झाली का गं वळती?"

यशोधरा जागची उठली आणि तिचं डोकं वरच्या फळीला आपटलं.

५

स्टँडवर लावलेली स्कूटी काढून ती दुकानात पोचली तेव्हा सोमेश्वर शटर ओढायच्या बेतात होता. आबा पायरीवरच होते.

"भाऊजी, खात्याला मोबाईल नंबर कुणाचा जोडलाय?"

"आबाचा. खातं काढलं तवा घरात एकच मोबाईल व्हता. का?"

"आबा मला परवा एक वाक्य म्हणाले. 'सगळी वळती केली.' मी ते ऐकलं आणि चुकीचं ऐकलं." यशोधरेनं श्वास घेतला. वर्गात तिनं हेच वाक्य फळ्यावर लिहिलं असतं, आणि मागच्या बाकावर कुणीतरी झोपलं असतं. "'सगळी' हे मराठीत दोन जागी येतं. सगळी मेंढरं, नपुंसकलिंगी अनेकवचन. किंवा सगळी रक्कम, स्त्रीलिंगी एकवचन. रूप एकच. मी मेंढरं समजले. पण मोहिनी म्हणाली, मेंढरं विकून दोन वर्षं झाली. मग आबांनी सगळी काय वळती केली?"

सोमेश्वरनं शटरवरचा हात काढला.

"आबा," तो म्हणाला, "बँकेचा फोन आलता का?"

"आलता की. एक बाई बोलली. लई आदबीनं बोलली, तुमच्यासारखं न्हाई." आबांच्या आवाजात अजून खुशीच होती. "म्हनली, सगळी रक्कम वळती करायची का. म्या म्हनलं, म्हंजी सोम्याचे पैशे ह्या बँकेतनं त्या बँकेत भटकाया लागलेत. लाल काय, हिरवं काय. दुसऱ्याच्या रानात शिरलेत. वळती कराया नगं? आपलं ते आपल्या वाड्यात आलं पायजे. म्हनली, एक दाबा. दाबलं."

"आवो, कावून दाबलं! दोन दाबायचं व्हतं! दोन दाबलं असतं तर थोडेच गेले असते!"

"ते बी म्हनली ती. दोन दाबलं तर थोडीच वळती करनार म्हनली." आबांनी लेकाकडं दयेनं बघितलं. "आरं येड्या, अर्धा कळप घरी आनून अर्धा रानात कोन सोडतं?"

यावर कोणत्याही बँकेकडं उत्तर नव्हतं. सोमेश्वरनं कपाळाला हात लावला. तो पायरीवर आबांच्या शेजारी बसला. बँकेच्या मराठीत वळती करणं म्हणजे खात्यातून कापून दुसरीकडं पाठवणं, आणि आबांच्या मराठीत वळती करणं म्हणजे भटकलेलं परत आणणं. एकाच शब्दाच्या दोन टोकांना दोघं उभे, आणि दोघांचंही व्याकरण शुद्ध. या प्रकरणात चुकीचं मराठी कुणीच बोललं नव्हतं, ही गोष्ट यशोधरेला मराठीची शिक्षिका म्हणून फार अस्वस्थ करत होती.

"आबा, मोबाईल दाखवता? मेसेज आला असेल."

आबांनी अंगातल्या कोपरीच्या खिशातून बटणाचा फोन काढला. त्यात मेसेजची जागा बियाणं, लॉटरी आणि निवडणुकीच्या शुभेच्छांनी कधीच भरून गेली होती. नवीन काही आत येतच नव्हतं.

"पर पैशे गेले कुटं मग?" आबांच्या आता लक्षात येऊ लागलं होतं. आवाज बारीक झाला. "पोरी, माज्यामुळं काय झालं का?"

"काही नाही झालं, आबा. पैसे लाल कार्डावर जास्तीचे पडून आहेत. अर्ज केला की परत मिळतात. कुणी घेतले नाहीत. कुणीच."

शेवटचा शब्द तिनं सोमेश्वरकडं बघून म्हटला. तो उठला. शटर तसंच अर्धं सोडून तो बाळूच्या घराकडं चालू लागला आणि कोपऱ्यावर गेल्यावर पळू लागला.

यशोधरा मागून स्कूटीवर पोचली, तेव्हा दोघं अंगणात समोरासमोर उभे होते. सोमेश्वरनं किल्ली पुढं धरली होती. त्याला काय बोलावं ते सुचत नव्हतं आणि बाळूला ते सोपं करून द्यायची घाई नव्हती.

"बाळ्या, म्या..."

"तीन दिवस जंताचं औषध कुटलं देत व्हतास बे?"

"वरच्या कप्प्यातलं. निळी बाटली."

"ते कॅल्शियम हाय."

"तरीच," सोमेश्वर म्हणाला, "शेळ्या लई खूश हायेत म्हनत व्हते लोक."

बाळूनं हसू दाबलं. दाबता आलं नाही. मग सोमेश्वरच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते दिसू नये म्हणून बाळू किल्ली घेऊन उगीचच तिचे दाते तपासत बसला. "उद्या बाजार हाय," तो शेवटी म्हणाला. "सकाळी लवकर ये. तुज्या भरवशावर एक बी जनावर सोडनार न्हाई म्या."

६

शनिवारी बँकेला लिंक आली. चौघं निघाले. सोमेश्वर, बाळू, यशोधरा आणि आबा. आबांना घरी थांबा म्हटलं होतं, पण आपल्या हातून रानात गेलेलं आपणच आणायचं, असं त्यांचं म्हणणं होतं. यशोधरेनं लाल कार्डाच्या बँकेला रात्री बसून अर्ज लिहिला होता. एक देणं दोनदा फिटल्याचं त्यात इतकं स्पष्ट मांडलं होतं की तो पाठ्यपुस्तकात घालता आला असता. मोहिनीनं शोधून दिलेले कागद तिनं मागं टाचले होते.

काउंटरवरच्या माणसानं अर्ज बाजूला ठेवला. "आधी पासबुक भरून घेऊ," म्हणाला आणि ते मशिनमध्ये सरकवलं. मशिन करकरलं. त्यानं पासबुक बाहेर काढलं, चष्मा वर केला, खाली केला.

"पैसे तर जमा आहेत."

"कुटले पैशे?" सोमेश्वरनं विचारलं.

"बासष्ट हजार चारशे अठरा. कार्डवर जास्तीचे आलेले ते आपोआप परत पाठवतात. अर्ज कशाला लागतो?"

"आपोआप?" यशोधरा म्हणाली.

"आपोआप."

"मग सांगायचं न्हाई का?" बाळू म्हणाला.

"मेसेज येतो की, जोडलेल्या नंबरवर. आणि तुम्ही विचारलं नाही. खातं रिकामं झाल्यावर कुणी बघायला येत नाही."

सोमेश्वरनं पासबुक हातात घेतलं आणि बोटानं ओळ शोधली. बाळू त्याच्या खांद्यावरून वाकला. आबांना वाचता येत नव्हतं, पण तेही वाकले.

काउंटरवरच्या माणसानं स्क्रीनवर बघून वेळही सांगितली. पैसे मंगळवारी सकाळी सातच्या आत खात्यात परत आले होते. सोमेश्वर किल्ली मागायला घरून निघाला तो आठ वाजता.